पाटीवर तीन, आत पाच

फाडदिशी आवाज झाला आणि माझ्या ओसरीवर निळा जाळ उठला. भिंतीला टेकवलेल्या फळीवर ट्रॅक्टरचे नऊ बल्ब ढणढणत होते, ते एकदम विझले. घरातला पंखा थांबला, फ्रीज थांबला. भर दुपारी धूर असा दाटला की दोन हातांवरची माझी नात दिसेना. सडक्या मासळीसारखा घाण वास सुटला.

"मने, हायस का?" मी ओरडले.

"आहे, आजी," ती खोकत म्हणाली.

दुसऱ्या माणसाला मी हाक मारली नाही. ते जिवंत सापडले असते तर मलाच त्यांना मारावं लागलं असतं.

मग धुरातून आवाज आला, "वहिनी, तुमचा आकडा कुठं उडला बघा बरं."

हे माझे धाकटे दीर, रंगनाथ. आमच्या सणसर गावात त्यांना रंगातात्या मोटारवाले म्हणतात. रागातसुद्धा मी त्यांना अहोजाहो करते, कारण लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूनं तसं बजावलं होतं. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि त्यांना स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. मी त्यांचं नाक पुसायचे आणि म्हणायचे, "भाऊजी, शिंकरा." आज ते एकोणसत्तर वर्षांचे आहेत. फरक एवढाच पडलाय, की नाक स्वतः पुसतात.

त्यांचा धंदा पाण्याच्या मोटारी भरायचा. म्हणजे विहिरीवरची मोटार जळली की तिच्या पोटातली जळकी तार काढायची आणि नवी तार गुंडाळायची. स्टँडजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी पंचेचाळीस वर्षं हेच केलं. त्यात त्यांना एक खोड लागली. कुठलंही यंत्र दिसलं की त्याच्या अंगाला उजव्या हाताचा तळवा लावायचा. डोळे मिटायचे. थोडा वेळ थांबायचं. मग निकाल द्यायचा.

एसटीत चढण्याआधी ते बोनेटला हात लावतात. ड्रायव्हर शिव्या देतो. दवाखान्यात आजाऱ्याला बघायला गेले की आधी खोलीतल्या पंख्याच्या रेग्युलेटरला हात लावतात, मग आजाऱ्याच्या कपाळाला, आणि बोलतात ते रेग्युलेटरबद्दलच. एकदा भावकीतला एक म्हातारा गेला. मुलगा लांबून यायचा होता म्हणून बॉडी बर्फाच्या पेटीत ठेवली होती. बायका रडत होत्या. भाऊजी गेले, पेटीच्या बुडाशी असलेल्या यंत्राला हात लावून बसले. सगळ्यांना वाटलं, किती जीव होता यांचा. मग उठून मोठ्यानं म्हणाले, "गारवा धरत न्हाय ही. पोरगा कवा का येईना, उरकून घ्या."

लग्न झालं नाही त्यांचं. झालं नाही म्हणजे होऊ दिलं नाही त्यांनीच. मुलगी बघायला कोऱ्हाळ्याला गेलो होतो. मुलगी चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा हे खुर्चीवर उभे राहून छताच्या पंख्याला हात लावत होते. "बेअरिंग गेलंय," म्हणाले. मुलीच्या बापाला तो पंखा हुंड्यात मिळालेला होता. पुढची बोलणी झाली नाहीत. दुसऱ्या ठिकाणी रेडिओ होता, तिसऱ्या ठिकाणी पिठाची गिरणी. त्यानंतर मी बघणंच बंद केलं.

"पाटी वाचू नगा, अंगाला हात लावा," हे त्यांचं एक बोलणं. दुसरं बोलणं त्याहून वाईट. "पाटीवर तीन, आत पाच."

त्याची गोष्ट अशी. त्या काळी विहिरीवरच्या मोटारीचं बिल मीटरवर नसे, मोटारीच्या ताकदीवर असे. तीन हॉर्सपॉवरला कमी, पाचला जास्त. मग माणसं पाचची मोटार बसवायची आणि तिच्यावर तीनची पाटी ठोकायची. ही पाटी कोण करून द्यायचं? आमचे भाऊजी. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा कापायचा, लोखंडी ठशांनी त्यावर आकडे ठोकायचे, माती चोळून जुना करायचा. कालव्याच्या दोन्ही अंगांना ज्या विहिरी आहेत, त्यातल्या निम्म्यांवर यांच्या हातची खोटी पाटी असेल. मी त्यांना तोंडावर म्हणायचे, "भाऊजी, ही लबाडी हाय." ते म्हणायचे, "वहिनी, लबाडी म्हंजी कमी देऊन जास्त सांगनं. हितं आत जास्त हाय आनी भाईर कमी सांगितलंय. ह्याला लबाडी म्हनत न्हाईत, ह्याला नम्रता म्हनतात."

आणि हे सगळं त्यांनी माणसांनाही लावलं. गावात नवा मास्तर आला, तोतरा बोलायचा, पोरं हसायची. भाऊजी म्हणाले, "पाटीवर तीन, आत पाच." माझा थोरला दहावीला नापास झाला, मी त्याला लाटण्यानं झोडत होते, तर मधे येऊन म्हणाले, "मारू नगा, आत पाच हाय." मी चौथी शिकलेय. मला ते म्हणतात, "वहिनी, तुमची पाटी चौथीची, आत म्याट्रिक." मी कधी त्यांना धन्यवाद म्हटलं नाही. असल्या बोलण्यानं पोट भरत नाही.

आता मनीषाचं सांगते, म्हणजे त्या दुपारचं कळेल. ही त्याच थोरल्याची मुलगी. तो आणि सून चाकणला असतात, दोन खोल्यांत. मनीषा चार वर्षांपूर्वी घरून काम करायचं म्हणून इथं आली आणि राहिली. ती न बांधलेल्या घरांची चित्रं काढते. घर अजून कागदावर असतं, आणि ही कॉम्प्युटरवर त्याच्या खिडकीतून आलेलं ऊन दाखवते, सोफ्यावरच्या उशीची सुरकुतीसुद्धा दाखवते. त्यासाठी तिच्याकडे लहान कपाटाएवढा कॉम्प्युटर आहे आणि त्यात विटेएवढं जड एक कार्ड आहे. ते कार्ड शेगडीसारखी वीज खातं. भिंतीतून येणारी वीज त्याला चालत नाही. मधे एक डबा लागतो, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. भाऊजींनी मला समजावलं, "वहिनी, भिंतीतली वीज म्हंजी आख्खी जवारी. हा डबा म्हंजी जातं. दळून पीठ करून कार्डाला देतो." एवढं एकच त्यांनी मला आयुष्यात नीट समजावलं.

तर हे जातं बिघडलं. मनीषा चित्र काढायला बसली की घंटाभरानं कॉम्प्युटर आपोआप बंद. पुन्हा चालू करायचा, पुन्हा बंद. दोन कामं उशिरा गेली. पुण्याच्या तिच्या मॅडमचा फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकला. "मनीषा, शुक्रवारी काम आलं नाही तर पुढच्या महिन्यापासून इथं ऑफिसात येऊन बस. गावाकडून हे जमत नाही."

मनीषानं फोन ठेवला. मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिला पुणं नको आहे. तिला इथली सकाळ आवडते, असं ती म्हणते. सकाळ सगळीकडे सारखीच असते, पण तिला आवडते. ती गेली तर मला काही फरक पडणार नव्हता. दोन माणसांचा स्वयंपाक तिघांच्या स्वयंपाकापेक्षा सोपा. हे मी त्या दिवसांत बऱ्याच जणांना बोलून दाखवलं.

शनिवारी ती बारामतीला जाऊन नवा सप्लाय घेऊन आली. खोक्यावर आगीतून उडणारा गरुड होता. डब्याच्या अंगावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, बाराशे वॅट.

"आबा, लगेच लावते," ती म्हणाली. ती भाऊजींना आबा म्हणते.

"हात न्हाय लावायचा," भाऊजी म्हणाले. "तपासल्याबिगर तुझ्या म्हागाच्या कार्डाला कुनाचा बी करंट लावायचा न्हाय. ह्यो फुटला तर कार्ड घिऊन जाईल. मग बस पुन्यात."

इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. एवढं मी मान्य करते.

त्यांनी डबा कांद्याच्या काट्यावर ठेवला. वजन बघून खूश झाले. "जड हाय. जड म्हंजी आत तांबं भरपूर." मग म्हणाले, "ह्याला कामाला लावून बघायचं म्हंजी बारा व्होल्टाचं वजन पायजे." वजन म्हणजे वीज खाणारं काहीतरी, आणि बारा व्होल्टाचं शंभर वॅटचं वजन म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्याचा बल्ब. असे एक डझन पाहिजेत.

उसाचा हंगाम चालू होता. रविवारी सकाळी भाऊजी पिशवी आणि पाना घेऊन गावातून फिरले. ज्याच्या दारात ट्रॅक्टर दिसला त्याच्या दिव्याला हात घातला. काहींना विचारलं, काहींना नाही. दुपारपर्यंत अकरा बल्ब आणले. माझ्या गव्हाणीची फळी काढली, तिच्यावर ओळीनं बल्ब बसवले, पिवळ्या आणि काळ्या वायरी जोडल्या. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, अंबाड्यातला एक आकडा द्या."

"कशाला?"

"ह्याची हिरवी वायर आनी काळी वायर जोडल्याबिगर हे जागं व्हत न्हाय."

"वायरीनं जोडा की."

"आकडा बरूबर बसतो."

केस सुटतील म्हणून मी देत नव्हते. त्यांनी वाट बघितली. त्यांना वाट बघता येते, तीच त्यांची शिरजोरी. शेवटी दिला.

डबा जागा झाला. एक बल्ब लावला, दोन लावले. ओसरी भर उन्हात आणखी उजळली. तीन, चार, पाच. भाऊजींनी डब्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. फळी तापायला लागली. सहा, सात. आतला पंखा इंजिनासारखा घोंगावायला लागला.

"आबा, बास," मनीषा म्हणाली. "माझ्या मशीनला साडेसातशे पुरतात. वास येतोय."

"पाटीवर किती लिवलंय?"

"बाराशे."

"म्हंजी आत अठराशे. आजून निम्म्यावर बी न्हाय आपन."

आठवा बल्ब लावला. तेव्हा मी एक गोष्ट बघितली. भाऊजींनी डब्यावरचा हात उचलला, झटकला आणि परत ठेवला. साठ वर्षांत त्यांनी हात झटकून परत ठेवलेला मी बघितला नव्हता. हात झटकला की ते यंत्र बंद करतात. मनीषा बटन बंद करायला म्हणून डब्याकडे वाकली. भाऊजींनी डाव्या हातानं नववा बल्ब जोडला.

मग जे झालं ते वर सांगितलंय.

धूर गेल्यावर मनीषा ओसरीच्या कडेला पडलेली दिसली. कोपर खरचटलं होतं. "आबांनी ढकललं मला," ती म्हणाली. झालं. माझं डोकं आणखीनच फिरलं. मी भाऊजींना इतकं बोलले, की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. नवा डबा जाळला, पोरीला पाडलं, माझी गव्हाण मोडली, माझा आकडा घालवला. "तुमाला एक सांगते भाऊजी, तुमच्या हाताला कधी काय कळलंच न्हवतं! पंचेचाळीस वर्सं लोकांनी तुमाला येडं केलं!"

 ते उजवा हात बंडीच्या खिशात घालून उभे होते. मला वाटलं, शिरजोरी.

संध्याकाळी ट्रॅक्टरवाले आले. सहा होते. "तात्या, कारखान्याच्या रांगंत आंधळा ट्रॅक्टर न्यू का म्या?" एक म्हणाला. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा एकच बल्ब काढला होता, तो जास्त चिडला होता. "लोक मला मोटरसायकल समजून अंगावर येतील!" भाऊजींनी डाव्या हातानं एकेकाला बल्ब परत दिले. अकराही बल्ब चांगले होते. मेला होता तो फक्त डबा.

सगळे गेल्यावर त्यांनी तो डबा अंगणात ठेवून खोलला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, हे बघा."

आत जळकी काळी घाण होती आणि एका बाजूला, काळ्या डिंकानं चिकटवलेला, तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा.

"हे काय करतंय आत?"

"काय न्हाय. कशालाच जोडलेलं न्हाय. नुस्तं वजनाला."

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं, "काट्यावर जड भरावं म्हनून. ज्यानं हे घातलं, त्यानं माझ्यासारख्या मानसाचा इचार करून घातलंय. वजन करून बघनाऱ्याचा." मग त्यांनी कागदावरचे बाराशे परत वाचले, एकेका आकड्यावर बोट ठेवून. "आत कमी असतंय आनी भाईर जास्त लिवत्यात, हे मला म्हाईतच न्हवतं, वहिनी."

"मला इचारायचं," मी म्हणाले. "मी सांगितलं असतं. सगळ्या दुनियेला म्हाईत हाय."

"हात सांगत व्हता," ते म्हणाले. "म्या पाटीचं ऐकलं."

जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले.

सोमवारी सकाळी मी लोखंडाचा तुकडा पदरात बांधला, मनीषाला घेतलं आणि एसटीनं बारामतीला गेले. दुकान काचेचं, गार हवेचं. गल्ल्यावर कानात फोनचं बोंडूक घातलेला एक तरणा माणूस. मनीषानं जळका डबा ठेवला.

"मॅडम, लोड जास्त दिला तुम्ही," तो म्हणाला. "वॉरंटीत बसत नाही."

"किती दिला?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत, आजी?"

"मला म्हाईत हाय. शंभराचे नऊ. नऊशे. बाराशेत नऊशे बसत न्हाईत का? मी चौथी शिकलेय. तुमी किती?"

तो हसला. "आजी, बाराशे हे पीक असतं. म्हणजे जास्तीत जास्त. एका क्षणापुरतं."

"मग कुठला क्षण ते सांगा. तेवढ्याच क्षणाला आमी काम करू."

दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. मी पदराची गाठ सोडली आणि तुकडा काचेवर ठेवला. जरा जोरातच ठेवला.

"हे आत काय करतंय?"

त्यानं तो उचलून बघितला. "ते... बॅलन्ससाठी असतं."

"हा डबा काय डोक्यावर घिऊन नाचायचा हाय का? बॅलन्स कसला?"

"आजी, आम्ही बनवत नाही. आम्ही फक्त विकतो."

"आनी मी फक्त बसते," असं म्हणून मी दाराशेजारच्या खुर्चीत बसले. येणाऱ्या प्रत्येकाला तुकडा दाखवायला लागले. "काय घेताय? खोलून घ्या. आत लोखंड घालत्यात." मनीषा खाली मान घालून उभी होती. तिला लाज वाटत होती. वाटू दे. लाजेनं कॉम्प्युटर चालत नाही. चौथं गिऱ्हाईक परत फिरलं तेव्हा तो माणूस आत गेला आणि दुसरा डबा घेऊन आला. साधा काळा. गरुड नाही, आग नाही. अंगावर लिहिलं होतं, एक हजार वॅट. जुना त्यानं मुकाट्यानं ठेवून घेतला. लोखंड मी परत आणलं. आता त्यावर लसूण ठेचते.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो. भाऊजींनी आमटीत भाकरी कुस्करून मागितली आणि डाव्या हातानं चमचा घेतला.

चमचा हे त्यांच्या लेखी दवाखान्यातलं हत्यार. "चमच्यानं खायला म्या काय मरायला टेकलोय का?" असं ते लग्नाच्या पंगतीत म्हणायचे. मनीषा तिच्या खोलीत होती.

"भाऊजी, उजवा हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा."

सगळा तळवा सोलून निघाला होता. त्यावर त्यांनी दात घासायची पेस्ट थापली होती, तिचे पापुद्रे सुटले होते. मला आधी त्या पेस्टचाच राग आला.

"कवा झालं हे?"

"तवाच."

मग एकेक सांगितलं, ओढून काढावं लागलं. नववा बल्ब लागला आणि डब्याला आतून धक्का बसला, तो हाताला कळला. मनीषा वाकलेली होती, डब्याची जाळी तिच्या तोंडासमोर. डाव्या हातानं त्यांनी तिला ढकललं आणि उजव्या हातानं डबा स्वतःकडे फिरवला. जाळ बाहेर आला तो त्या हातावर.

"आनी मी तुमाला पोरीला पाडलं म्हनून बोलत व्हते, तवा तोंडात काय भरलं व्हतं?"

"मनीला कळलं असतं तर ती म्हनली असती, माझ्यापायी आबाचा हात भाजला. मग पुन्याला गेली असती उद्याच. तिचं तसंच हाय." त्यांनी चमचा ताटात ठेवला. "शेडला आता कुनी येत न्हाय, वहिनी. ही येती. करंटचं बोलती."

मी म्हणाले, "चला डॉक्टरकडं."  डॉक्टरनं मलम लावलं, पट्टी बांधली. कातडी येईल म्हणाला, पण तळव्याला पहिल्यासारखं गरम-गार कळायला वेळ लागेल, वयही आहे, कदाचित कळणारही नाही. भाऊजींनी ऐकून घेतलं. मग डाव्या हाताचा तळवा डॉक्टरच्या टेबलफॅनला लावला. डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले आणि म्हणाले, "ह्या हाताला येत न्हाय."

मंगळवारी दुपारी नवा डबा ओसरीवर. ट्रॅक्टरवाल्यांनी परत बल्ब दिले, हे मात्र मला नवल वाटलं. एकानं स्वतः आणून दिले. "तात्या, ह्या खेपंला इचारून नेताय, तेवढं पुरं," म्हणाला. मनीषाला भाऊजींनी आत बसवलं आणि दाराला कडी घालायला लावली. डब्याची जाळी भिंतीकडे केली. दुसरा आकडा मी न मागता दिला.

मग ते म्हणाले, "वहिनी, तुमचा हात ठेवा."

"माझा? साठ वर्सं तव्यावर भाकरी उलटतेय मी. माझ्या हाताला काय कळायचंय?"

"म्हनूनच. गरम तुमाला कळतं. ठेवा."

मी ठेवला. दोन दुपारी त्या डब्यावर हात ठेवून बसले. घरात मीठ नव्हतं, दळण पडलं होतं, आणि मी डब्यावर हात ठेवून बसले होते. ते एकेक बल्ब लावायचे, अर्धा अर्धा घंटा थांबायचे आणि विचारायचे, "किती?"

"कोमट. लेकराच्या अंघोळीचं पानी."

"व्हय. आता?"

"दूध. साय धरायच्या आधीचं."

"आता?"

"कपातला चहा. हातात धरता येतो."

त्यांनी एकदाही हे असं नसतं म्हटलं नाही. प्रत्येक वेळी मान हलवली, जसं काही मी व्होल्ट सांगतेय. सात बल्ब, आठ बल्ब. आठांवर बुधवारी अख्खी दुपार काढली. पंखा फिरत होता, वास नव्हता. "चहाच," मी म्हणाले. मग नववा लावला. थोड्या वेळानं मी हात उचलला.

"काय झालं?"

"आता पातेल्याचा काठ. फडक्याबिगर धरवत न्हाय."

कागदावर हजार लिहिलं होतं. मी मुद्दाम बघत होते, ते काय करतात. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. वाकले आणि नववा बल्ब काढला.

"खरा हजार असंल बी ह्यो," ते म्हणाले. "पन आपल्या उन्हाळ्यात, आपल्या हिथल्या विजंवर, आठशे. हात म्हनतो तेवढंच."

"हात माझा हाय."

"व्हय की. म्हनून तर."

संध्याकाळी शेडमधून ठोकण्याचा आवाज आला. मी गेले तर डाव्या हातात हातोडी, पट्टी बांधलेल्या उजव्या हाताच्या दोन बोटांत ठसा, पुढ्यात ॲल्युमिनियमचा तुकडा. तीनदा चुकला, चौथा जमला. आठ, शून्य, शून्य. वॅटच्या डब्ल्यूचा ठसा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून एम उलटा मारला.

"माती चोळायची ऱ्हायली," मी म्हणाले. "जुनी दिसाया नगं का?"

"ही खरी हाय, वहिनी," ते म्हणाले. "चकचकू द्या."

पंचेचाळीस वर्षांत त्यांनी ठोकलेली ती पहिली खरी पाटी. मनीषानं डबा कॉम्प्युटरमध्ये बसवला आणि पाटी बाहेरच्या काचेवर आतून चिकटवली. शुक्रवारी सकाळी तिनं काम पाठवलं. मॅडमनं पुण्याचं नाव काढलं नाही. पट्टी बघून तिनं विचारलं तेव्हा भाऊजी चहा सांडला म्हणाले होते; खरं काय ते तिला मीच सांगितलं, त्याच दिवशी, कारण घरात लपवाछपवी मला चालत नाही. ती रडली. मी तिला म्हटलं, रडायचं ते रड, पण पुण्याला गेलीस तर त्यांचा हात फुकट भाजला असं होईल. ती राहिली.

त्या रविवारचे माझे शब्द मी परत घेतलेले नाहीत, आणि भाऊजींनी ते मागितलेले नाहीत. अजून दुपारी कॉम्प्युटर घोंगावायला लागला की ते शेडमधून येतात, उंबऱ्यात उभे राहतात आणि मला हाक मारतात, "वहिनी, जरा हात लावून सांगता का?" मी हातातलं काम टाकून जाते. शिव्या देत जाते.

आता कुणी विचारतं, त्या रविवारी सणसरात तुमच्या घरी काय फुटलं होतं, कोण कोण होतं? ओसरीवर तिघं होतो. मनीषा, रंगाभाऊजी आणि मी. तिघंही वाचलो.